अर्ध्या दिवसाची शाळा

अमेरिकेत फॅमिली मेडिसिनचा रेसिडेंट (पदवीनंतर या शाखेचं प्रशिक्षण घेणारा डॉक्टर) पहिल्या वर्षी आठवड्यातून एखादा, फार तर दोन अर्धे दिवस स्वतःच्या क्लिनिकमध्ये बसतो. बाकीचा आठवडा हॉस्पिटलचा: वॉर्ड, आयसीयू, लेबर रूम, लहान मुलांचा विभाग, इमर्जन्सी. वेळापत्रकाच्या तक्त्यात क्लिनिकचा चौकोन इतका लहान दिसतो की मुख्य अभ्यासाला जोडलेला हा एखादा पूरक विषय असावा असं वाटतं. इंटर्नलाही तसंच वाटतं. (तिकडे इंटर्न म्हणजे रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षाचा डॉक्टर, आपल्याकडच्या एमबीबीएसच्या शेवटच्या सक्तीच्या वर्षाशी त्याची गल्लत करू नये.) वॉर्डातल्या पेशंटचं सोडियम १२० वर आलंय, एकाचा ऑक्सिजन वाढवावा लागलाय, आणि हा मध्येच फोन दुसऱ्याच्या हाती देऊन क्लिनिकला पळतो. तिथे कोणाची कंबर दुखतेय, कोणाला कामावरच्या रजेच्या फॉर्मवर सही हवी आहे. शरीराने तो क्लिनिकमध्ये असतो, लक्ष वॉर्डात.

तीन वर्षांनी बाहेर पडल्यावर याचा बहुतेक दिवस त्या कंबरदुखीत आणि त्या फॉर्मातच जाणार असतो, हे तेव्हा सांगून पटत नाही. फॅमिली डॉक्टर घडतो तो त्या लहान चौकोनात. रेसिडेन्सी चालवणाऱ्यांची निम्मी ताकद वॉर्डाने तो चौकोन गिळू नये, एवढ्यासाठीच खर्च होते.

ही ओढाताण जुनी आहे. अमेरिकन डॉक्टर केर व्हाइट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६१ साली एक साधा हिशेब मांडला होता. हजार प्रौढ माणसं घ्या. महिन्याभरात त्यांतल्या साधारण ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ जण हॉस्पिटलात दाखल होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं, आणि विद्यापीठाच्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत पोचतो तो एक. डॉक्टर घडवायचे मात्र त्या एकावर. उरलेल्या २४९ जणांना काय होतं, त्यातलं किती आपोआप बरं होतं, किती चिघळतं, हे शिकणाऱ्याच्या नजरेसच पडत नाही. २००१ मध्ये हा हिशेब नव्याने केला गेला तेव्हाही चित्र फारसं बदललेलं नव्हतं.

साठच्या दशकात अमेरिकेत जनरल प्रॅक्टिशनर झपाट्याने कमी होत होते. वर्षभराची इंटर्नशिप करून पाटी लावायची, ही त्यांची वाट. स्पेशालिस्ट वाढले तशी या वाटेची पत घसरली. १९६६ च्या सुमारास मिलिस, फोल्सम आणि विलर्ड यांच्या समित्यांचे अहवाल आले. तिन्हींचा सूर एकच होता, की माणसाला अखंड बघणारा डॉक्टर हवा आणि त्याचं रीतसर प्रशिक्षण हवं. फेब्रुवारी १९६९ मध्ये फॅमिली प्रॅक्टिसला विसावी स्पेशालिटी म्हणून मान्यता मिळाली. सुरुवात पंधरा रेसिडेन्सींनी झाली. या शाखेची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या नव्या बोर्डाने पहिल्या दिवसापासून एक गोष्ट केली जी तोवर कोणी केली नव्हती: दर सात वर्षांनी पुन्हा परीक्षा. सर्जन आणि फिजिशियन तेव्हा एकदाच परीक्षा देऊन जन्मभराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावत असत. कमी लेखल्या गेलेल्यांनी स्वतःवर जास्त कडक नियम घालून घ्यावेत, हे मोठं मनुष्यस्वभावाला धरून झालं.

आज ही रेसिडेन्सी तीन वर्षांची आहे. पूर्वी नियम असा होता की तीन वर्षांत रेसिडेंटने आपल्या क्लिनिकमध्ये १६५० भेटी पुऱ्या कराव्यात. २०२३ च्या नियमांत त्याऐवजी १००० तास आले, शिवाय दरवर्षी किमान ४० आठवडे क्लिनिकला हजेरी. बदल योग्यच होता असं माझं मत आहे. भेटी मोजल्या की सर्दी-खोकल्याचा पेशंट आणि सात औषधांवरची, नवरा नुकताच गेलेली बाई दोघांची किंमत एकच होते, आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आकडा कमी पडलेला रेसिडेंट सर्दीवाले शोधत फिरतो. तास मोजण्यातली पळवाट वेगळी आहे. पेशंट आलाच नाही तरी तास भरतो. म्हणून हुशार क्लिनिक-मॅनेजर आदल्या दिवशी फोन करवतो आणि गैरहजेरीचा इतिहास असलेल्यांच्या वेळेवर राखीव पेशंट ठेवतो.

अर्धा दिवस म्हणजे सकाळी साडेआठ ते बारा किंवा दुपारी एक ते साडेचार-पाच. इंटर्नला सुरुवातीला एकेका पेशंटसाठी चाळीस मिनिटं ते तासभर देतात, म्हणजे तीन-चार पेशंट. तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट पंधरा-वीस मिनिटांच्या मापाने आठ-दहा जण बघतो, आणि तोवर त्याचे आठवड्यातले चार-पाच अर्धे दिवस क्लिनिकचे झालेले असतात. तपासणीच्या खोल्यांच्या मागे एक अरुंद खोली असते. दोन-तीन कॉम्प्युटर, एक थंड झालेला कॉफीचा कप, आणि प्रिसेप्टर: त्या दिवशी शिकवण्यापुरताच बसलेला सीनियर डॉक्टर. रेसिडेंट पेशंट तपासून बाहेर येतो, या खोलीत केस सांगतो, ठरवतो, परत आत जातो.

या खोलीचं अर्थकारणही समजून घ्यायला हवं, कारण शिकवण्याची पद्धत बरीचशी त्यावर ठरते. मेडिकेअरच्या (अमेरिकेतल्या सरकारी आरोग्यविम्याच्या) नियमाप्रमाणे प्रिसेप्टरने पेशंटला स्वतः पाहिलं तरच बिल लागतं. प्रायमरी केअरसाठी एक सवलत आहे: रेसिडेंटचे सहा महिने पूर्ण झालेले असतील, भेट गुंतागुंतीच्या मापात खालच्या तीन पातळ्यांतली असेल, प्रिसेप्टर एका वेळी चारपेक्षा जास्त रेसिडेंट सांभाळत नसेल आणि त्या वेळात त्याला दुसरं काही काम नसेल, तर केस ऐकून चर्चा केलेली पुरते. त्यामुळे जुलै ते डिसेंबर प्रिसेप्टर इंटर्नच्या मागोमाग खोलीत शिरतो, आणि जानेवारी उजाडला की एकदम बाहेर राहू लागतो. खरं तर काही इंटर्नना ऑक्टोबरातच एकटं सोडायला हरकत नसते आणि काहींच्या मागे पुढच्या एप्रिलपर्यंत जावं लागतं. नियमाला हे कळत नाही. प्रिसेप्टरला कळायला हवं.

आता एक नमुन्याची भेट जवळून बघू.

अठ्ठावन्न वर्षांची बाई, शाळेच्या कॅन्टीनमध्ये कामाला. ब्लड प्रेशर १५६/९२. लिसिनोप्रिल आणि हायड्रोक्लोरोथायझाइड ही दोन औषधं चालू. दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट बाहेर येतो आणि सांगतो, "प्रेशर आटोक्यात नाही, दोन औषधं फुल डोसवर आहेत, तिसरं अम्लोडिपिन सुरू करू का?" पुस्तकाप्रमाणे हे चुकीचं नाही. घाईत असलेला प्रिसेप्टर "कर" म्हणेल आणि पुढच्या रेसिडेंटकडे वळेल.

सावध प्रिसेप्टर आधी विचारतो, "प्रेशर वाढण्याचं कारण तुझ्या मते काय?" इथे रेसिडेंटला एका उत्तरावर पाय रोवायला लावणं महत्त्वाचं. "बघू या", "असू शकतं" यांवर सोडायचं नाही. तो म्हणतो, आजार वाढलाय. मग दुसरा प्रश्न: "कशावरून?" इथे धागा उसवायला लागतो. प्रेशर कोणी मोजलं? मदतनिसाने, खोलीत आल्या आल्या. पट्टा कुठला? भिंतीवर लटकलेला, नेहमीच्या मापाचा. बाईचा दंड केवढा? जाड. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटा वाढतो. हात लोंबकळत असेल, पाठीला टेकू नसेल, पायावर पाय असतील, लघवी तुंबलेली असेल, मोजताना बोलणं चाललं असेल, तरी वाढतो. पाच मिनिटं शांत बसवून, उघड्या दंडावर, मोठा पट्टा बांधून, हात हृदयाच्या पातळीला टेकवून स्वतः मोज, असं सांगून त्याला परत पाठवायचं. हे काम मदतनिसाचं आहे असा चेहरा बहुतेक रेसिडेंट करतात. करू द्यावा.

तो परत येतो: १४८/९०. कमी झालंय, पण आहेच. आता औषधांची यादी. कॉम्प्युटरवर दोनच दिसतात, कारण तिथे चिठ्ठीवर दिलेली औषधं येतात. "गोळ्या कोणत्या घेता?" या प्रश्नाला पेशंटही डॉक्टरने दिलेल्याच सांगतात. "दुकानातून स्वतःच्या मनाने आणून काय घेता? दुखण्यावर, झोपेसाठी, पोटासाठी?" असं खोदून विचारावं लागतं. विचारल्यावर कळतं, बाईचा गुडघा दुखतोय, आयबुप्रोफेनच्या २०० मिलिग्रॅमच्या तीन-तीन गोळ्या दिवसातून तीनदा चालू आहेत, दोन महिने झाले. म्हणजे १८०० मिलिग्रॅम. डब्यावर डॉक्टरला न विचारता घ्यायची मर्यादा १२०० छापलेली असते. मीठ-पाणी धरून ठेवून प्रेशर वाढवणारं औषध ती स्वतःच घेतेय. त्याहून वाईट म्हणजे लिसिनोप्रिल, लघवी वाढवणारी गोळी आणि आयबुप्रोफेन हे त्रिकूट किडनीला तिन्ही बाजूंनी कोंडतं: एक रक्तातलं पाणी कमी करतं, एक किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी वाट आवळतं, एक बाहेर जाणारी सैल करतं. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहिलं का? सहा महिन्यांपूर्वीचं ०.९ आहे. आज काढ.

ज्या बाईला तिसरं औषध मिळणार होतं तिचं एक औषध बंद झालं. गुडघ्यावर डायक्लोफिनॅकचं जेल, मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम, लागल्यास ॲसिटामिनोफेन (आपलं पॅरासिटामॉल); किडनी आणि पोटॅशियमची तपासणी आज आणि दोन आठवड्यांनी; प्रेशरसाठी चार आठवड्यांत पुन्हा भेट, याच रेसिडेंटकडे. प्रेशर तेव्हाही चढंच असेल तर अम्लोडिपिन आहेच.

या संवादाला शिक्षणशास्त्रात नाव आहे: एक मिनिटाचा प्रिसेप्टर. सिएटलच्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये तो पाच पायऱ्यांत मांडला. शिकणाऱ्याला मताशी बांधून घ्या. त्या मताचा आधार विचारा. एकच सर्वसाधारण नियम शिकवा. बरोबर केलेलं नेमकं सांगा. चुकलेलं दुरुस्त करा. वरच्या उदाहरणात नियम एवढाच: औषध वाढवण्याआधी मोजमाप आणि औषधांचा डबा तपासा. अशा वेळी ज्ञान वाटायचा मोह फार होतो. प्रेशरवरचे सगळे अभ्यास तोंडपाठ असलेला प्रिसेप्टर दहा मिनिटं बोलतो. आत बाई ताटकळते, दारात दोन रेसिडेंट उभे, आणि ज्याला शिकवायचं त्याच्या डोक्यात काहीच राहत नाही. एका केसमागे एक नियम. तोही त्याने नुकत्याच केलेल्या गोष्टीला चिकटलेला.

चौथी पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, मराठी घरांतून आलेल्या शिक्षकांकडून तर हमखास. "छान" म्हणणं म्हणजे कौतुक नव्हे. "तू चिडचिड न करता पुन्हा प्रेशर मोजलंस आणि आकडा स्वतः लिहिलास, ते बरोबर" असं म्हटलं की तो पुढच्या वेळीही तेच करतो. आमच्या पिढीने शाबासकी कंजुषीने घेतली आणि तशीच दिली, त्यात कर्तृत्व काही नव्हतं.

प्रिसेप्टर बिघडतात तेही ठरावीक तऱ्हांनी. एक जण केस हिसकावून घेतो: तिसऱ्या वाक्यालाच निदान सांगून टाकतो, बरोबर सांगतो, आणि रेसिडेंट विचार करणं सोडून माहिती आणून देणारा निरोप्या बनतो. दुसरा "माझ्या मनात काय आहे ओळख" हा खेळ खेळतो. तिसरा कशालाही हो म्हणतो आणि रेसिडेंटमध्ये लाडका ठरतो; त्याच्या अर्ध्या दिवशी क्लिनिक वेळेवर संपतं आणि कोणी काही शिकत नाही. चौथा पेशंटच्या खोलीत रेसिडेंटला ओलांडून थेट पेशंटशी बोलतो. त्या क्षणापासून पेशंटच्या लेखी खरा डॉक्टर कोण हे ठरून जातं, पुढच्या भेटीला ती "ते मोठे डॉक्टर आहेत का?" विचारते. खोलीत गेल्यावर प्रिसेप्टरने भिंतीशी बसावं, रेसिडेंटने पेशंटसमोर केस सांगावी, आणि सल्ला रेसिडेंटच्याच तोंडून निघावा. तिसऱ्या वर्षी तर सूत्रं त्याच्याकडेच द्यावीत: शंका कुठे आहे, कुठे अडलोय, काय वाचणार, हे त्यानेच मांडायचं.

वॉर्डात बसून शिकवता येत नाही अशी एक गोष्ट म्हणजे वेळेचा औषधासारखा वापर. वॉर्डात सगळं आजच कळायला हवं असतं. पेशंट तिथे आहे, रक्त काढता येतं, स्कॅन खाली आहे. क्लिनिकमध्ये पाच दिवसांची डोकेदुखी घेऊन आलेल्या माणसाला बहुधा काही गंभीर नसतं. मग "बहुधा" आणि "खात्रीने" यांच्यामधली जागा डॉक्टर कशाने भरतो? घाबरलेला रेसिडेंट ती स्कॅनने भरतो. त्याला धोक्याच्या खुणा विचारायला शिकवायचं: अचानक, वीज पडल्यासारखी सुरुवात झाली का, ताप आणि मान आखडली आहे का, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आहे का, कॅन्सर किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार आहे का, हातापायांत कमजोरी, बोलण्यात-दिसण्यात फरक, झोपेतून उठवणारी, दिवसागणिक वाढणारी. यांपैकी काही नसेल तर तपासणी नीट करून, परत कधी यायचं ते ठरवायचं. आणि ते नेमकं ठरवायचं. "काही वाटलं तर या" हा सल्ला नसून अंग झटकणं आहे. "गुरुवारपर्यंत कमी झालं नाही, किंवा त्याआधी उलट्या सुरू झाल्या, दोन दोन दिसायला लागलं, तर थांबू नका" हा सल्ला. नोंदीतही तसाच लिहायचा, म्हणजे शनिवारी रात्री फोन घेणाऱ्या सहकाऱ्याला कळतं.

यात ओळखीचा वाटा मोठा आहे. नॉर्वेमधला २०२२ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. एकाच फॅमिली डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून जास्त काळ असलेल्यांची तुलना वर्षभराच्या ओळखीवाल्यांशी केली तर रात्री-अपरात्रीच्या सेवेचा वापर ३० टक्क्यांनी, हॉस्पिटलात भरती २८ टक्क्यांनी आणि मृत्यूची शक्यता २५ टक्क्यांनी कमी निघाली. कारण आणि परिणाम यांची गाठ एवढ्याने बांधली जात नाही, तरी आकडे लहान नाहीत. पंधरा वर्षांची ही गोष्ट रेसिडेन्सी तीन वर्षांत शिकवायला बघते, तीही रेसिडेंट निम्मा वेळ दुसरीकडे असताना. म्हणून वेळापत्रक लावणाऱ्याचं काम इथे प्राध्यापकाहून कमी महत्त्वाचं नसतं. काही ठिकाणी चार आठवडे हॉस्पिटल आणि एक आठवडा पूर्ण क्लिनिक अशी पाळी लावतात. डोकं दोन ठिकाणी राहत नाही हा फायदा, मधल्या चार आठवड्यांत आपला पेशंट दुसऱ्याकडे जातो हा तोटा. फोन उचलणाऱ्या मुलीला "आधी त्याच डॉक्टरची वेळ बघ, मग उद्याची" एवढं शिकवलं तरी पुष्कळ फरक पडतो.

बोलणं शिकवायला कॅमेरा वापरतात. पेशंटची परवानगी घेऊन भेट टिपायची आणि मानसशास्त्राच्या शिक्षकाबरोबर बसून बघायची. फॅमिली मेडिसिनच्या प्रत्येक रेसिडेन्सीत असा शिक्षक लागतोच. १९८४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात डॉक्टर पेशंटचं बोलणं सरासरी अठराव्या सेकंदाला तोडतात असं दिसलं होतं. तोडलं नाही तर बहुतेकांचं मिनिटभरात आटपतं. रेसिडेंटला हे कितीही सांगा, तो म्हणतो मी तोडत नाही. व्हिडिओत तो स्वतःला दहाव्या सेकंदाला "किती दिवसांपासून?" विचारताना बघतो तेव्हा गप्प होतो. मग उपाय शिकवता येतो: सुरुवातीलाच सगळ्या तक्रारींची यादी काढून घ्यायची, "आणखी?" दोनदा विचारायचं, आणि आज कुठल्या दोन बघायच्या ते दोघांनी ठरवायचं. नाहीतर दाराच्या मुठीवर हात गेल्यावर पेशंट म्हणतो, "डॉक्टर, अधूनमधून छातीत जड वाटतं." म्हणजे भेट आता सुरू झाली.

महाराष्ट्रातून या रेसिडेन्सीला जाणाऱ्या मुलामुलींची संख्या बरी आहे. परीक्षा, तिकडचा थोडा अनुभव, मुलाखती, मग मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मॅचचा, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपाचा, निकाल: सोमवारी कळतं जागा मिळाली की नाही, शुक्रवारी कळतं कुठे. जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर गेलेल्याला शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं, किंवा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं पूर्ण वेळ काम करून सूट मिळवावी लागते; प्रत्येक राज्याला त्यासाठी वर्षाला ३० जागा असतात. त्यामुळे अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यातल्या एखाद्या लहानशा गावात डॉक्टर म्हणून देशपांडे किंवा पवार भेटला तर नवल नाही.

केईएम, ससून किंवा नागपूरच्या मेडिकलच्या ओपीडीत तयार झालेल्या डॉक्टरची नजर पक्की असते. पांडुरता, पायावरची सूज, मुलाची धाप त्याला दारातूनच दिसते. अडतं वेगळ्याच ठिकाणी. एका सकाळी शंभर पेशंट उरकायची सवय असलेल्याला वीस मिनिटं एका माणसासमोर बसवलं की पाचव्या मिनिटाला तो चिठ्ठी लिहायला घेतो. पेशंटने "हे औषध मला नको" म्हटलं की त्याला तो अपमान वाटतो. आणि प्रिसेप्टरला "मला माहीत नाही" म्हणणं फार जड जातं, कारण राउंडला तसं म्हटल्याचे परिणाम त्याने भोगलेले असतात. या तिसऱ्या गोष्टीवर पहिल्याच महिन्यात काम करावं. प्रिसेप्टरने स्वतः त्याच्यादेखत "मलाही आठवत नाही, बघू" म्हणून पुस्तक उघडावं. याहून प्रभावी उपाय माझ्या पाहण्यात नाही.

भारतातही डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पदवी) फॅमिली मेडिसिन आहे, एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं. प्रश्न पुन्हा चौकोनाचाच. शिकणारा एका विभागातून दुसऱ्यात फिरत राहिला आणि तीन वर्षं तोच, त्याच्या नावाचा पेशंटांचा गट त्याला मिळाला नाही, तर तो थोडाथोडा सगळ्या शाखांचा होऊन बाहेर पडतो. आपल्या गल्लीतला जुना फॅमिली डॉक्टर रेसिडेन्सी न करताही हे शिकला, कारण त्याची खुर्ची वीस-तीस वर्षं हलली नाही.

परभाषिक पेशंटचा एक मुद्दा इथेच सांगून टाकतो. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेली मराठी आई तपासायला येते आणि उत्तरं मुलगा देतो. "आईला काही नाही हो, फक्त झोप येत नाही." फोनवर मराठी दुभाषा मिळतो, तो घ्यावा, मुलाला दहा मिनिटं बाहेर बसवावं. बोलताना फोनकडे न बघता तिच्याकडे बघावं, छोटी वाक्यं, एका वेळी एक प्रश्न. नैराश्यासाठीची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मुलाच्या तोंडून विचारली तर नववा प्रश्न, जीव नकोसा होण्याबद्दलचा, कधीच नीट विचारला जात नाही.

प्रसूतीबद्दल थोडक्यात. नव्या नियमांत प्रत्येकाला किमान २० योनीमार्गे प्रसूती, आणि पुढे स्वतः बाळंतपणं करायची असतील त्याला किमान ८०. यावर शाखेत कडाक्याचे वाद आहेत आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. त्यात इथे शिरत नाही.

पेशंट गेल्यावरचं काम मात्र कोणी वेळापत्रकात लिहीत नाही. रिपोर्ट, औषधं पुन्हा देण्याच्या विनंत्या, पेशंटचे निरोप, स्पेशालिस्टांची पत्रं, विम्याचे नकार, सगळं कॉम्प्युटरच्या इनबॉक्समध्ये साचतं. रेसिडेंट महिनाभर आयसीयूत असतो तेव्हा त्याचा इनबॉक्स कोण बघतो, याचं उत्तर "सगळे मिळून" असेल तर कोणीच बघत नाही. दोन-तीन रेसिडेंटांची जोडी लावून प्रत्येकाच्या गैरहजेरीत कोण, हे नावानिशी ठरवावं लागतं. रिपोर्ट पाहिल्याची खूण करणं आणि त्यावर काही करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तर वर्षातून चारदा सांगावं लागतं. हिमोग्लोबिन ९.८ "पाहिलं" म्हणून नोंद असते आणि बाईला कोणी फोन केलेला नसतो.

हे सगळं एकदम अंगावर येतं ते जूनमध्ये. तिसऱ्या वर्षाचे रेसिडेंट बाहेर पडतात, त्यांच्या नावावरचे काहीशे पेशंट १ जुलैला अशा डॉक्टरच्या नावावर जातात ज्याला अजून प्रिंटर कुठे आहे माहीत नाही. गळती इथेच होते. मॅमोग्राममध्ये काहीतरी दिसलं, सहा महिन्यांनी पुन्हा करायला सांगितलं. सहा महिने ऑगस्टमध्ये भरतात. थायरॉइडचा डोस मेमध्ये बदलला, रक्त जुलैमध्ये काढायचं. झोपेच्या किंवा वेदनेच्या, सवय लागू शकणाऱ्या गोळ्यांवरचा पेशंट, ज्याच्याशी जाणाऱ्या डॉक्टरने महत्प्रयासाने डोस कमी करण्याचा करार केलेला, तो नव्या डॉक्टरकडे जाऊन म्हणतो, "आधीचे डॉक्टर दुप्पट देत होते."

म्हणून एप्रिलमध्येच कामाला लागावं. जाणाऱ्याने आपल्या यादीतून पंधरा-वीस नावं काढावीत: गुंतागुंतीचे, अर्धवट तपासण्यांचे, गरोदर बायका, नैराश्यातून नुकते वर आलेले. प्रत्येकाची चार ओळींत नोंद: काय चाललंय, काय बाकी आहे, कधी, आणि या माणसाशी कसं बोलावं. चौथी ओळ फॉर्ममध्ये नसते, तीच सर्वांत उपयोगाची. या सगळ्यांची नव्या डॉक्टरकडची वेळ जाणाऱ्याने स्वतः, जून संपण्याआधी घेऊन ठेवावी, पेशंटला नाव सांगून. जमेल त्यांना दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटकडे द्यावं, सगळ्यात अवघड पेशंट इंटर्नच्या माथी मारू नयेत. ३० जूननंतर येणाऱ्या रिपोर्टांसाठी गेलेल्याच्या इनबॉक्सला एका प्रिसेप्टरचं नाव जोडावं. आणि इंटर्नला पहिल्या अर्ध्या दिवशी स्पष्ट सांगावं की हाती आलेल्या पेशंटची औषधं पहिल्या भेटीत, तसंच कारण असल्याशिवाय, बदलायची नाहीत. चार ओळी वाचायच्या, प्रेशर स्वतः मोजायचं, आणि पुढची वेळ स्वतःच्याच नावावर द्यायची.